अर्ध्या खेळाचं परीक्षण

माळा साफ करण्याचं काम माणसाने पन्नाशीच्या आत उरकून घ्यावं. पुढे शिडीवर चढताना गुडघे बोलायला लागतात, हे एक झालंच. शिवाय चाळिशीत जी नुसती अडगळ असते तिची पंचावन्नाव्या वर्षी आठवण होऊन बसते. अडगळ भंगारवाला नेतो तरी. आठवणीला तो किलोचा भाव सांगतो आणि आपल्याला उगाच अपमान झाल्यासारखं वाटतं.

आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली, तेव्हा आमच्या माळ्यावरून एक बिनतोटीचा बंब, झाकणांशिवायचे सात डबे, डब्यांशिवायची नऊ झाकणं आणि एक चपटी काळी पेटी एवढा ऐवज खाली उतरला. पेटीच्या दर्शनी भागाला लाकडाचा आव आणणारी पट्टी, वर चार चकचकीत खटके, आणि एका वायरीच्या टोकाला काळी दांडी. दांडीशेजारी एकच लाल बटण.

"हे काय आता?" आमच्या हिनं विचारलं.

"अटारी," मी म्हणालो.

"अटाळा म्हणा," ती म्हणाली आणि झाडू घ्यायला गेली.

चिरंजीवांनी मात्र पेटीचे फोटो काढून कुणाकुणाला पाठवले, आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात. पंचविशीतला मुलगा, पाठीला सॅक, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. आमचे आजोबा हापूस हुंगायचे त्या गांभीर्याने त्याने पेटी उलटीसुलटी केली.

"खोकं आहे, काका?"

"नाही."

"माहितीपुस्तक?"

"नाही."

"ओरिजिनल अडॅप्टर?"

"जळला. १९८२ साली."

"दुसरी जॉयस्टिक?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"इन्कम्प्लीट आहे," रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरच्या आवाजात तो म्हणाला. "आहे अशी दोन हजार देतो. दुसरी जॉयस्टिक मिळाली तर साडेचार. नाहीतर उघडून सुटे भाग काढतो, आत मोठ्या चिप्स तीनच असतात. विचार करा."

विचार करा म्हटलं की मराठी माणूस समीक्षा लिहायला बसतो. कृती संपूर्ण वाचल्याशिवाय समीक्षा लिहू नये असा एक नियम आहे म्हणतात. आपल्याकडची निम्मी समीक्षा तो मोडूनच लिहिली गेली आहे. तेव्हा अर्धवट वस्तूचं परीक्षण करायला मी अपात्र आहे, असं कुणी म्हणू नये.

प्रथम ग्रंथपरिचय. हे यंत्र कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीने १९७७ साली बाजारात आणलं. त्याचं नाव तेव्हा 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम' असं भारदस्त होतं. १९८२ पासून ते नुसतं '२६००' झालं. त्याची स्मरणशक्ती १२८ बाइट. या लेखाचं पहिलं वाक्यसुद्धा त्यात मावलं नसतं. एवढ्याशा डोक्यात रणगाडे, विमानं आणि भुतं नांदत होती. हल्ली माझ्या फोनची स्मरणशक्ती याच्या कितीतरी कोटी पट आहे, आणि तो मला रोज मी किती पावलं चाललो नाही एवढंच सांगतो.

आमच्या घरी ते आलं १९८२ साली, न्यू जर्सीच्या काकांच्या बॅगेतून. दिल्लीत एशियाड चाललं होतं, लोक रंगीत टीव्हीच्या गोष्टी करत होते, आणि आमच्याकडे लाकडी शटरवाला काळापांढरा टीव्ही होता. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० ची. हे वडिलांना अडॅप्टर भिंतीत खुपसल्यावर समजलं. तीन सेकंदांत घरभर अमेरिकेचा वास सुटला. मग कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याने ट्रान्झिस्टरचा नऊ व्होल्टचा एलिमिनेटर दिला. त्याची पिन बसली, आणि यंत्राने डोळे उघडले.

चित्र सुरुवातीला जिना चढल्यासारखं वर वर जात होतं. व्ही-होल्डचं बटण पिळल्यावर ते थांबलं. रंगाचा प्रश्न आमच्यापुरता नव्हताच. यंत्रावरच्या चार खटक्यांपैकी एक 'कलर' आणि 'ब्लॅक अँड व्हाइट' असा होता. आमची परिस्थिती अमेरिकेला आधीच कळली होती, याचं वडिलांना फार कौतुक वाटलं. आवाज मात्र आला नाही तो नाहीच. अमेरिकन पद्धतीत आवाज चित्रापासून साडेचार मेगाहर्ट्झवर असतो आणि आपल्या टीव्हीत साडेपाचवर, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. तेव्हा आम्ही दोघा भावांनी आवाज तोंडाने काढले. मी बारा वर्षांचा, धाकटा नऊ. तोफेचा 'ढिशक्यांव' त्याचा, इंजिनाची घरघर माझी. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, तो आवाज मात्र अस्सल होता.

आता मूळ कृतीकडे वळू. यंत्रासोबत 'कॉम्बॅट' नावाचा खेळ आला होता. त्यात २७ प्रकार: रणगाडे, दुपंखी विमानं, जेट विमानं. रणगाडा म्हणजे साबणाच्या वडीला नळी बसवावी तसा दिसणारा ठोकळा. एक पांढरा, एक काळा. कथानक नाही, स्वभावरेखाटन नाही, शेवटी राजकन्या नाही. गोळी लागली तर मरणसुद्धा नाही! रणगाडा गरगर फिरतो, शत्रूला एक गुण मिळतो, आणि युद्ध पुढे चालू. दोन मिनिटं सोळा सेकंदांत डाव संपतो. वेळ सरत आली की वरचे आकडे लुकलुकायला लागतात. इतकी आटोपशीर कलाकृती मी मराठीतही फार पाहिलेली नाही.

पण या खेळाचं मर्म निराळ्याच ठिकाणी आहे. कॉम्बॅट एकट्याने खेळताच येत नाही. समोर यंत्र उभं राहत नाही, माणूसच लागतो. दुसरी दांडी कुणी धरली नाही तर दुसरा रणगाडा कोपऱ्यात नुसता उभा राहतो आणि आपण त्याला गोळ्या घालत बसतो. चार गोळ्यांनंतर स्वतःचीच लाज वाटायला लागते.

हा योगायोग नाही. यंत्राच्या पोटात पडद्यावर चित्र काढणारी जी चिप आहे, तिला हलत्या वस्तू मोजून पाच येतात: दोन खेळाडू, त्या दोघांची एकेक गोळी आणि एक चेंडू. ती चिप आखली गेली तेव्हा आखणाऱ्यांच्या नजरेसमोर 'पाँग' आणि 'टँक' हे खेळ होते, आणि दोन्ही दोघांनी खेळायचे. म्हणजे दोन माणसांची सोय सिलिकॉनमध्येच कोरलेली होती.

तुलनेसाठी काकांनीच आणलेला दुसरा खेळ घेऊ: १९८२ चा 'पॅकमॅन'. हा एकट्याने खेळायचा. त्यात पाठलाग करणारी भुतं चार. पण यंत्राला मुळात दोनच खेळाडू ठाऊक. त्यामुळे चार भुतांनी एकाच जागेवर पाळीपाळीने नोकरी करावी, तशी ती पडद्यावर सारखी लुकलुकत असतात. समीक्षकांनी त्यावर टीका केली, आणि ती बरोबरच होती. खपला मात्र तो लाखांनी. खप आणि गुण यांचं नातं मराठी लेखकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

कॉम्बॅटमध्ये एक प्रकार अदृश्य रणगाड्यांचा होता. त्यात दोघंही दिसत नाहीत. गोळी झाडली, किंवा भिंतीला धडक बसली, की तेवढ्यापुरतं दिसायचं आणि पुन्हा नाहीसं व्हायचं. लहानपणी मला तो प्रकार खोटा वाटायचा. माणसं अशी थोडीच असतात?

आई गेल्यावर १९९९ साली वाटणी झाली. फ्लॅट मी ठेवला आणि त्याच्या निम्म्या किमतीचे पैसे धाकट्याला दिले. त्याला ते कमी वाटले आणि मला जास्त. म्हणजे हिशोब बहुधा बरोबर असावा. आवाज चढले, दोघांच्या बायका मध्ये पडल्या, मग त्याही बाजूला झाल्या. निघताना धाकट्याने कपाटातून अटारी काढली, एक जॉयस्टिक उपटली आणि म्हणाला, "ही माझी." दोन जॉयस्टिक, दोन भाऊ. त्या सबंध वाटणीत वादाशिवाय सुटलेलं गणित तेवढंच. तो नाशिकला बँकेत गेला. पुढची वर्षं आम्ही अदृश्य रणगाड्यांचा प्रकार खेळलो. कुणाच्या लग्नात, कुणाच्या दहाव्याला एखादी गोळी झाडायची, क्षणभर दिसायचं, आणि नाहीसं व्हायचं.

त्या मुलाच्या 'इन्कम्प्लीट'ने मी अस्वस्थ झालो तो यामुळे. त्याच्या शास्त्रात खोकं, पुस्तक, अडॅप्टर आणि दोन दांड्या मिळून वस्तू पूर्ण होते. त्या शास्त्राला मी नावं ठेवत नाही. याच अटारीने १९८२ च्या अखेरीस 'ई. टी.' नावाचा खेळ काढला होता. त्याचं प्रोग्रॅमिंग पाच आठवड्यांत उरकलेलं. तो इतका आपटला, की पुढच्या वर्षी त्याची कार्ट्रिजेस, इतर मालासकट, न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरली. २०१४ साली लोकांनी तो उकिरडा उकरला. चेपलेली, मातकटलेली कार्ट्रिजेस लिलावात गेली आणि सगळ्यांचे मिळून लाखभर डॉलर आले. एक स्मिथसोनियन संग्रहालयात विराजमान झालं. म्हणजे खेळ कितीही रद्दी असो, पुरायला ठिकाण चांगलं मिळालं की मोक्ष आहे. पण त्यातलं कार्ट्रिज विकत घेऊन कुणी खेळायला बसला असेल असं मला वाटत नाही. संग्राहकाची वस्तू खोक्याने पूर्ण होते. खेळ पूर्ण होतो तो समोर बसलेल्या माणसाने. आणि या दोन पूर्णता एका किमतीत बसत नाहीत.

इतकं लिहून झाल्यावर निर्णय सोपा होता. मी व्यवहार करायचं ठरवलं आणि धाकट्याला फोन लावला. अर्थात जॉयस्टिकसाठी. भावासाठी फोन करायला आम्हाला कारण लागतं.

"दादा?" तो दचकला. "कोण गेलं?"

"कुणी नाही. ती अटारीची दांडी आहे का तुझ्याकडे? गिऱ्हाईक आलंय."

"किती देतोय?"

"तुझ्या दांडीसकट साडेचार हजार. नुसत्या माझ्या भागाचे दोन."

पलीकडे बँक दोन सेकंद हिशोब करत होती. "म्हणजे माझ्या एका दांडीचे अडीच, आणि तुझ्या दांडीचे, पेटीचे, खेळांचे मिळून दोन."

"तसं नाही ते..."

"तसंच आहे. बरं, पण ती चालते का हे बघायला नको? उद्या गिऱ्हाईक बोंबललं तर?" मग जरा थांबून म्हणाला, "शनिवारी येतो. फक्त टेस्टिंगला."

शनिवारी आम्ही बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. धाकट्याने पिशवीतून दांडी काढली. ती आईच्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती, आणि फाटलेल्या रबराला नीट इन्शुलेशन टेप मारलेला होता. टेप जुना होता. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.

मेकॅनिकने एक कपॅसिटर बदलला, संपर्क पुसले, एलिमिनेटर जोडला आणि चौदा इंची काळापांढरा पोर्टेबल टीव्ही फडताळातून काढला. चित्र वर वर जायला लागलं. आम्हा दोघांचे हात एकदम व्ही-होल्डच्या बटणाकडे गेले.

"आवाज नाही यायचा, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "अमेरिकन माल आहे."

"ढिशक्यांव," नाशिकचे शाखाधिकारी म्हणाले.

दुकानातली तीन गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. मी घरघर सुरू केली. आवाज बसला होता, पण पट्टी सापडली. मी नऊदा गरगर फिरलो, तो चारदा. आकडे लुकलुकायला लागले तसा तो म्हणाला, "अजून एक डाव, दादा. एका डावात टेस्टिंग कळत नाही." एकूण अकरा डाव टेस्टिंग झालं. मेकॅनिकने तीनशे रुपये घेतले, आणि बाराव्या डावाला आपण स्वतः बसला.

चहा झाल्यावर मी पेटी पिशवीत भरली. "मग? उद्या कळवू त्या मुलाला?"

धाकट्याने आपली दांडी उपटली, साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि आपल्या सॅकमध्ये टाकली. "ही माझी," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात येतो. डावं वळण जरा अडतंय, पुन्हा बघायला लागेल."

गिऱ्हाइकाला मी कळवून टाकलं, की वस्तू इन्कम्प्लीट आहे हे त्याचं निदान बरोबर होतं, आणि तूर्तास ती तशीच ठेवण्याचा विचार आहे.