ऐकणाऱ्याचा प्रश्न

विद्यापीठ सोडून चाळीस वर्षे लोटलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसावेसे वाटले, तर विद्यापीठाने त्याच्यासाठी काय करावे? ऑक्सफर्ड, स्टॅनफर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांनी २००० साली एकत्र येऊन याचे एक उत्तर शोधले. प्रथम माजी विद्यार्थ्यांसाठी व मागाहून सर्वांसाठी त्यांनी इंटरनेटवरून सशुल्क अभ्यासक्रम चालविले. प्रिन्स्टन लवकरच बाहेर पडले. खर्चाचा मेळ न बसल्याने २००६ मध्ये 'ऑललर्न' हा उपक्रमच मिटला. डिसेंबर २००७ मध्ये येलने निराळी वाट धरली. प्रत्यक्ष वर्गांतील व्याख्यानांचे चित्रण 'ओपन येल कोर्सेस' या नावाने तिने सर्वांना विनामूल्य खुले केले. त्यांपैकी प्रा. शेली केगन यांची 'डेथ' ही २००७ साली चित्रित झालेली सव्वीस व्याख्याने आम्ही ओळीने ऐकली.

केगन टेबलावर मांडी घालून बोलतात. आम्हांस देवळातल्या पुराणिकबुवांची आठवण झाली. मात्र मत अगदी उलट. आत्मा नाही, हे आपले मत ते पहिल्याच तासाला सांगून टाकतात आणि मग प्लेटोच्या 'फीडो'तील युक्तिवाद एकेक करून तपासतात. मृत्यू वाईट का? मेलेल्याला यातना होतात म्हणून नव्हे, तर जगता तर जे लाभले असते त्याला तो मुकतो म्हणून. मग जन्मापूर्वीच्या अनंत काळासाठी आपण का हळहळत नाही? असे आक्षेप ते स्वतःच उभे करतात, आणि सोपे उत्तर देऊन सुटका करून घेत नाहीत. युक्तिवादाची ही सचोटी या मालेचे खरे बळ आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. आत्म्याच्या अमरत्वाचा विचार येथे मुख्यतः प्लेटोच्या आधारे होतो. कर्म व पुनर्जन्म यांच्या चौकटीत वाढलेल्या श्रोत्याच्या शंका त्यामुळे बऱ्याच अंशी अस्पर्शित राहतात. परंतु याहून मोठी अडचण व्याख्यात्याची नसून माध्यमाची आहे, आणि तिचा पुरावा केगन यांच्याच एका आठवणीत सापडतो.

त्यांच्या वर्गात एक विद्यार्थी होता. कर्करोगाने आपण लवकरच जाणार हे त्याला ठाऊक होते. तरी तो पदवी पुरी करण्यासाठी परतला आणि मृत्यूवरचाच हा वर्ग त्याने निवडला. सत्राच्या मध्यात तो अंथरुणाला खिळला, तेव्हा विद्यापीठाने त्याची पदवी मृत्युशय्येपाशी नेऊन दिली. उरलेल्या आयुष्याचे काय करावे, या प्रश्नाला त्या मुलाने दिलेले उत्तर 'वर्गात जाऊन बसावे' हे होते. आम्ही ते ऐकून बराच वेळ गप्प होतो.

तो मुलगा केवळ व्याख्यान ऐकावयास आला नसावा, असे आम्हांस वाटते. येलमध्ये अशा व्याख्यानांना जोडून लहान गटांत चर्चेचे तास होतात. ते या चित्रणात नाहीत. नचिकेत्याला साक्षात यमाला प्रश्न विचारता आला. पडद्यापुढे बसलेल्या आम्हांस तेवढे येत नाही. वार्धक्यात हा विषय निव्वळ कुतूहलाचा राहत नाही, म्हणून ही उणीव अधिक बोचते. 'ऑललर्न'मध्ये निदान शुल्क भरलेल्याला चर्चेत भाग घेता येई. येलने दार सर्वांना उघडले, पण बोलण्याची जागा मात्र आतल्यांपुरतीच राहिली.

तरीही ही व्याख्याने टाळू नयेत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून मराठी माणसाला ऐकण्याची सवय आहे, आणि आपल्या पूर्वजांनी ती बरोबर आणली. व्याख्यान संपल्यावर सभागृहाच्या पायऱ्यांवर जो वाद रंगे, तो त्याचाच उत्तरार्ध असे. तेव्हा ही माला एकट्याने ऐकू नये. चार-पाच जणांनी जमावे, एक तास ऐकावे, आणि मग पडदा बंद करून एकमेकांस विचारावे : हे आपल्याला पटले का? पूर्वार्ध येलने पाठविला आहे. उत्तरार्ध आपल्यालाच करावा लागेल.