जिल्ह्याची सरासरी आणि जत-माणचा माणूस

सातारा आणि सांगलीच्या आरोग्याविषयी बोलताना बहुतेक वेळा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, म्हणजे एनएफएचएसचा आधार घेतला जातो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी हे काम मुंबईची आयआयपीएस ही संस्था करते. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून देशातल्या प्रत्येक जिल्ह्याचे आकडे मिळू लागले. ही मोठीच सोय झाली. माझा आक्षेप सर्वेक्षणावर नाही, त्याच्या वापरावर आहे.

जिल्ह्यामागे साधारण ९०० घरं निवडली जातात. साताऱ्यात ११ तालुके, सांगलीत १०. भागाकार तुम्हीच करा. तालुक्याच्या वाट्याला ८०-९० घरं येतात. त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो, तालुक्याचा नाही.

आणि आपल्याकडची विषमता तर तालुक्या-तालुक्यांतच आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्याच जिल्ह्यातल्या माणला जेमतेम ५००. वाळव्यात ऊस, जत-आटपाडीत टँकर. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिवाय खासगी दवाखान्यांची रांग. जतहून तिथवर ७०-८० किलोमीटर, तालुक्याच्या पूर्व टोकाची गावं त्याहून लांब. सरासरीत मिरज आणि जत एकत्र मिसळले, की आकडा बरा दिसतो. मग "आपला जिल्हा पुढे आहे" म्हणून आपण मोकळे!

दुसरी गळती याहून गंभीर आहे. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. उसाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला लागतो. म्हणजे बीडकडून कराड-वाळव्याच्या फडात येणाऱ्या टोळ्या पोहोचण्याआधीच बरंचसं काम उरकलेलं. शिवाय गावांची निवड २०११ च्या जनगणनेवरून. फडाशेजारच्या कोपीत राहणारी गरोदर बाई या यादीत कुठे सापडणार? जिथे ती सहा महिने राबते त्या जिल्ह्याच्या चित्रात ती नाही. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे ही यादी जुनीच होत चालली आहे.

"मग करायचं काय?" असं तुम्ही विचाराल. नवीन सर्वेक्षणाची वाट बघायची गरज नाही. उपकेंद्रात गरोदर मातांची नोंद होते, आशाताईंकडे घरोघरची वही असते, दर महिन्याला आरोग्य केंद्रांचे आकडे वर जातात. या नोंदींत दवाखान्यापर्यंत न पोहोचलेला माणूस सुटतो, हे खरं. तो शोधण्यासाठीच तर वैद्यकीय महाविद्यालयांचे पीएसएम विभाग आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधाला विषय लागतो. तो जत, माण किंवा उसाचा फड का असू नये? आणि जिल्हा परिषदेने तालुकावार आकडे लोकांसमोर का ठेवू नयेत?

पुढच्या वेळी जिल्ह्याच्या आरोग्याचा आकडा वाचलात, की एवढंच विचारा: यात कोणाचं घर मोजलं, आणि कोणाची कोपी राहिली?