जुन्या आवृत्तीला वाली कोण?

सापशिडीचा पट कुणीही छापावा, परवानगी लागत नाही. टेबलाभोवती बसून खेळायच्या आजच्या कथाखेळांचं तसं नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची नवी आवृत्ती निघाली की कंपनीचं जुनीवरचं लक्ष उडतं. तीच खेळत राहणाऱ्यांना नवी साहसं पुरवायची ती बाहेरच्या लेखक-प्रकाशकांनी, आणि त्यांना तेवढी मोकळीक आहे की नाही हे परवान्यातली दोन-चार वाक्यं ठरवतात.

२००० साली या खेळाच्या प्रकाशक कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, तिसऱ्या आवृत्तीबरोबर 'ओपन गेम लायसन्स' आणलं. त्यामागे कंपनीतल्या रायन डॅन्सी यांचा आग्रह होता. मोकळ्या केलेल्या नियमांचा मजकूर घ्या, बदला, विका. फक्त खेळाचं नाव आणि चिन्ह वापरू नका. याचा परिणाम दूरवर गेला. २००६ मध्ये 'ओस्रिक' या नियमपुस्तकाने हीच मोकळी परिभाषा वापरून १९७०च्या दशकातल्या 'ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची पहिली आवृत्ती नव्याने मांडली. जिला असा परवाना कधी मिळालाच नव्हता, तिच्यासाठीही पुन्हा साहसं लिहिली जाऊ लागली. २००९ मध्ये पायझो या प्रकाशकाने तिसरीच्या सुधारित ३.५ आवृत्तीचा वारसा 'पाथफाइंडर' या नावाने पुढे नेला.

चौथ्या आवृत्तीचं नशीब वेगळं. २००८च्या तिच्या परवान्यात कंपनी हवं तेव्हा अटी बदलू शकत होती. एखादी मालिका नव्या परवान्याखाली नेली की ती जुन्याखाली काढायची सोय राहत नव्हती. नियमांच्या मजकुराऐवजी हाती येत होती बहुतांशी संज्ञांची यादी. पुढच्याच वर्षी अटी सैल झाल्या, पण तोवर अनेकांनी दुसरी वाट धरली होती. लढाईची इतकी नेटकी रचना मला दुसऱ्या कुठल्या आवृत्तीत दिसत नाही. तरी तिच्यासाठी बाहेरून फार थोडं लिहिलं गेलं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

जुना परवानाही अभेद्य नव्हता. त्यात 'कायमचा' असं म्हटलं होतं, 'रद्द न करता येणारा' असं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये फुटलेल्या नव्या परवान्याच्या मसुद्यातून कंपनी नेमक्या याच फटीतून तो मोडीत काढू पाहते आहे, हे उघड झालं. खेळाडू आणि प्रकाशक खवळले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच 'क्रिएटिव्ह कॉमन्स'खाली खुला केला. हा परवाना मागे घेता येत नाही. त्या दिवशी ३.५ मात्र जुन्याच परवान्याच्या भरवशावर राहिली.

२०२४ मध्ये सुधारित पुस्तकं आली आणि पाचवीचे ते नियमही जुने झाले. वसईतल्या आमच्या माणिकपुरात कुणाला ते मराठीत आणून, १७३९च्या वसईच्या वेढ्यावर साहस लिहून विकायचं असेल, तर परवान्यात सांगितलेला श्रेयोल्लेख छापावा आणि कामाला लागावं. बिहोल्डर हा त्या खेळाचा प्रसिद्ध राक्षस या संचात दिलेला नाही. त्याच्या जागी वेताळ, हडळ, मुंजा घालावेत. त्यांच्यावर कुणाचा हक्क नाही.