नेमके काय मागू?

आईच्या शेवटच्या दुखण्यात नांदेडला आमच्या शेजारी एक शिक्षिका राहत असत. मूळच्या लातूरकडच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. साऱ्या गल्लीच्या त्या बाई होत्या, तशा माझ्याही. संध्याकाळी पोरांच्या वह्या तपासून झाल्या की त्या एक निराळी वही उघडीत. डावीकडे तारीख, मध्ये कोणासाठी काय मागितले ते, आणि उजवीकडे एक कोरा रकाना. मागितल्याप्रमाणे घडले तर तिथे पुन्हा तारीख पडे. एके दिवशी आईच्या उशाशी थोडा वेळ बसून त्या उठल्या आणि ओसरीवर येऊन मला म्हणाल्या, "तुमच्या आईसाठी रोज मागायले मी, सर. पण नेमकं काय मागू?"

"बरं वाटावं म्हणून मागा. दुसरं काय?"

"बरं वाटावं म्हंजे? दुखणं जावं, का नुसतं दुखू नये, का तुम्हाला ओळखावं एवढं तरी व्हावं? एक काहीतरी सांगा की."

मला सांगता आले नाही. उभा जन्म भक्तिकाव्य शिकविण्यात गेला, मागणीचे अभंग म्हणून एक वेगळा तासच मी घेत असे. पण मागणाऱ्याला आपले मागणे ठाऊक असावे लागते, ही साधी गोष्ट त्या ओसरीवर प्रथम मनाला टोचली. पुढे तोच प्रश्न बरोबर घेऊन मी मराठीतले काही ख्रिस्ती वाङ्मय पुन्हा वाचले. त्या वाचनाचा हा वृत्तांत. दिवाळीच्या फराळात हा जिन्नस थोडा कडक लागेल. वाचकांनी चकली समजून चालवून घ्यावा.

हेतू धरून देवाकडे मागणे ही काही मिशनऱ्यांनी आणलेली चीज नव्हे. आमची आजी माहूरच्या रेणुकेला नवस बोलत असे. तिचे मागणे नेमके असे आणि देणेही नेमके असे. नातवाचा ताप उतरू दे, खणानारळाने ओटी भरीन. पण नवसात हिशेब दोन्ही बाजूंचा असतो आणि तो फेडला की माणूस मोकळा. बाईंच्या वहीत आपण काय देणार याला रकानाच नव्हता. दुसऱ्या टोकाला आमचे संत. तुकोबांचे मागणे देवाची आठवण बुजू नये एवढ्यावर येते, तर ज्ञानदेव साऱ्या विश्वासाठी मागतात. पसायदान आपण इतके घोकले आहे की त्यातला नेमकेपणा आपल्याला दिसेनासा झाला आहे. दुष्टांचा नाश व्हावा असे तिथे मागितलेले नाही, त्यांचे दुष्टपण जावे असे मागितले आहे. तोंड उघडण्यापूर्वी मागणाऱ्याने पुष्कळ विचार केला आहे, हे त्या एका भेदावरून कळते.

शुभवर्तमानांतही असा नेमकेपणा जागोजाग आढळतो. लूकने सांगितलेल्या दृष्टांतात मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणारा माणूस 'काही खायला असेल तर द्या' असे म्हणत नाही. तो तीन भाकरी मागतो. यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय दयेसाठी हाका मारतो. तो आंधळा आहे हे साऱ्या गर्दीला दिसते आहे, तरी येशू त्यालाच विचारतो की तुला हवे काय. बाईंचा प्रश्न कुठून आला होता ते मला इथे उमगले. आणि गेथशेमाने बागेत स्वतः येशू जे मागतो तेही अगदी स्पष्ट आहे, आणि ते मिळत नाही. नेमके मागितले की नेमके मिळते, असा सोपा हिशेब मांडणाऱ्यांनी ती रात्र विसरू नये.

मराठी मुलखात अशा प्रार्थनेचा सर्वांत मोठा प्रयोग केडगावला झाला. पंडिता रमाबाईंना १८८७ साली बोस्टनला स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदतीची हमी दिली होती. ती मुदत संपत आली असतानाच १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. खाणारी तोंडे वाढली आणि हमी सरत चालली. या काळात त्यांनी तीन पुस्तके वाचली होती : चीनमधल्या एका मिशनची हकीकत, जॉन पेटनचे चरित्र, आणि ब्रिस्टलला अनाथालय चालविणाऱ्या जॉर्ज म्युलरचे. म्युलर माणसापुढे हात न पसरता देवाकडे मागे आणि मागितलेल्याची नोंद ठेवी. बाईंच्या वहीची आजी म्हणा ना! जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुक्तिसदनात रोजच्या खास प्रार्थनेसाठी हाक दिली, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. नावे वाटून घेऊन, एकेका नावासाठी मागण्याची रीत तिथे पडली.

१९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष प्रसिद्ध केली. तिच्यातला आणि त्या काळच्या वृत्तांतांतला जून १९०५ च्या अखेरच्या जागृतीचा भाग, मुलींचे रडणे, पश्चात्ताप, अंगात अग्नी संचारल्याची भावना, मी आदराने पण काहीशा अंतरावरून वाचतो. मला भारी वाटतात ती नावे. दुष्काळात जिचे गाव, घर, जात, सारे पुसले गेले, अशा पोरीचे नाव दुसरी एक पोर रोज सकाळी देवापुढे घेते. ती जगात कोणाच्या तरी यादीत आहे! हेतूच्या प्रार्थनेची याहून चांगली बाजू मला कुठे आढळली नाही.

तरी एक तक्रार आहेच. ही साक्ष इंग्रजीत आहे. ती वाचणारे दूरदेशीचे, त्यांतले कित्येक देणगी देणारे. देवाकडे मागितलेले छापून निघाले की ते माणसांकडेही मागितलेले होते, मग लिहिणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो. म्युलरचे वार्षिक अहवालही या पेचातून सुटलेले नाहीत. रमाबाईंचे मराठी किती रोखठोक होते ते १८८९ च्या अमेरिकेवरील प्रवासवृत्तात दिसते. त्या मराठीत, फक्त आपल्या माणसांसाठी, त्यांनी ही साक्ष लिहिली असती तर ती कशी उतरली असती, हा विचार मनातून जात नाही. त्यांची खरी मराठी प्रार्थना म्हणजे मला त्यांचे बायबलचे भाषांतर वाटते. हिब्रू-ग्रीकवरून, खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून, संस्कृताच्या या पंडितेने हाताशी आलेले जड शब्द बाजूला सारले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. पुस्तक १९२४ साली बाहेर आले.

रेव्हरंड ना. वा. टिळक अगदी वेगळे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असे सांगून ठेवले आहे, आणि 'अभंगांजली' वाचताना तो पूल पायाखाली जाणवतो. इथे यादी नाही, तारीख नाही. लेकराने आईच्या पदराला धरून बसावे तसे बसणे आहे. बाईंच्या कसोटीवर टिळक नापास होतील. ते काहीच मागत नाहीत, जवळीक मात्र मागतात. पण काव्य म्हणून पाहिले तर नेमक्या याच रचना टिकाऊ. समाजाच्या उद्धारासाठी, मंडळीच्या वाढीसाठी टिळक मागू लागले की शब्द थोर होतात आणि ओळ सैल पडते. हे माझे मत अनेकांना रुचणार नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यांचे सर्वांत हेतुपूर्वक मागणे त्या कृतीत आहे, पद्यात नाही.

आणि घरात पीठ आहे की नाही हे देवाला कोण सांगणार? ते लक्ष्मीबाईंनी सांगितले. १९३४ पासून निघू लागलेली 'स्मृतिचित्रे' ही मराठी गद्याची शान आहे, हे सर्वमान्यच. नवरा हातचे दुसऱ्याला देऊन मोकळा होतो आणि श्रद्धेची किंमत चुलीपाशी मोजली जाते, हे त्या हसत हसत दाखवितात. 'प्रभू पुरवील' या वाक्यातला 'पुरवील' कसा, केव्हा, किती, हे विचारणारी बाई श्रद्धेत कमी नसते. त्या पुस्तकावर कितीही लिहिले तरी थोडेच, इथे थांबतो.

अलीकडे ख्रिस्ती पत्रकांत प्रार्थनेविषयी फौजेची भाषा दिसते. योद्धे, व्यूह, मोर्चे, चढाई. पौलाने चिलखताची उपमा दिली हे खरे, पण उपमेची छावणी करून तिथेच मुक्काम ठोकू नये. शत्रू ठरविला की नावे पुसली जातात, उरतात ते आकडे. मी हे बाईंजवळ बोललो. त्या वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत. उठून त्यांनी ट्रंकेतून एक जुनी वही काढली.

३० सप्टेंबर १९९३ चे पान होते. गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, पहाटे चारच्या आत, किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबादकडची दगडमातीची जाड भिंतींची घरे माळवदासकट झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. बाई तेव्हा लातूरला होत्या. त्या पानावर 'का' हा शब्द मी शोधला, नव्हता. मधल्या रकान्यात लिहिले होते : दगड उचलायला माणसे. पाणी. पाऊस थांबावा. मग ओळखीच्या सात घरांची नावे, एकाखाली एक. उजवीकडे दोन नावांसमोर तारीख होती.

"बाकीचे?" मी विचारले.

"रकाना कोराच ठेवलाय. खोटं कसं लिहू, सर?"

आई गेल्यावर महिन्याभराने मी धीर करून चालू वही पाहायला मागितली. आमचे पान सापडले. डावीकडे तारीख, मग आईचे नाव, आणि पुढे पेन्सिलीने एवढेच : मुलाला पुन्हा विचारणे.