डबीर : एका लेखणीबहाद्दर शब्दाची कुळकथा

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत डबीर हा गृहस्थ बहुधा पहिल्या दोन प्रकरणांतच दर्शन देतो. दरबार भरलेला असतो. पेशवे, मुजुमदार, सुरनीस अशा रांगेत त्याचे नाव पुकारले जाते, तो मुजरा करतो, आणि पुस्तक संपेपर्यंत पुन्हा तोंड उघडीत नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा असल्या भारदस्त नावांची भुरळ कशी पडते हे मला ठाऊक आहे. पण वाचकाने एकदा तरी विचारावे, की बाबा रे, हा डबीर करतो काय?

डबीर लिहितो. फारसीत ‘दबीर’ म्हणजे राजाची पत्रे लिहिणारा. आता लिहिणारा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कचेरीतला कारकून उभा राहतो : कानावर टाक, पुढ्यात दप्तर, आणि चहाच्या कपाला लागलेले शाईचे बोट. डबीर त्यातला नव्हे. परदरबाराला जाणारे पत्र ज्याच्या हातून उतरते, त्याला राजाच्या मनातले आधी कळते. कोणाला ‘मित्र’ लिहावयाचे, कोणाला नुसतेच ‘राजे’, यावर तह टिकतो किंवा मोडतो. असा माणूस फार दिवस नुसता लेखनिक राहत नाही. तो मसलतीत बसू लागतो. शिवाजीमहाराजांचे डबीर परराज्यांचा व्यवहार पाहत, तो याच वाटेने. सोनोपंत डबीर हे शहाजीराजांच्या वेळचे जुने जाणते. त्यांचे चिरंजीव त्र्यंबकपंत १६६६ साली महाराजांबरोबर आग्र्याला गेले होते, आणि महाराज निसटल्यावर मोगलांच्या हाती सापडून त्यांनी छळ सोसला. लेखणी चालविणाऱ्याला मार खाण्याचेही काम असते, हे आमच्या कादंबऱ्यांना दिसले असते तर त्या डबीराला एखादे तरी प्रकरण मिळाले असते.

१६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि दरबारातली फारसी नावे संस्कृत करण्यात आली. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, आणि डबीराचा सुमंत. आपले राज्य, आपली भाषा, ही जिद्द त्या काळी किती मोलाची होती हे मराठी माणसाला सांगावयास नको. तरीही शब्दांचा हिशेब मांडावयाचा तर एवढे म्हटलेच पाहिजे, की ‘सुमंत’ शब्द गोड आहे, भारदस्त आहे, पण त्यात लेखणी नाही. डबीराच्या नावातच त्याचा धंदा होता.

आणि खरी मौज पुढेच आहे. जो शब्द परका म्हणून बाजूला सारला, तो संस्कृतात हजार वर्षांपूर्वीच येऊन बसला होता! सौराष्ट्रातील वलभीच्या मैत्रक राजांचे सहाव्या शतकातले ताम्रपट आहेत. दानपत्राच्या शेवटी ते कोणी लिहिले हे सांगण्याचा रिवाज होता. त्यांत स्कंदभट नावाचा अधिकारी येतो. त्याचा हुद्दा ‘दिविरपति’. दिविर म्हणजेच दबीर. इराणात सासानी राजांच्या वेळी हा शब्द ‘दिबीर’ असा होता. तो वायव्येकडून इकडे आला आणि त्याने संस्कृत विभक्त्या अंगावर चढविल्या. याच स्कंदभटाला आणखी एक अधिकार आहे, संधिविग्रहाचा. म्हणजे तह करावयाचा की युद्ध, त्या खात्याचा. वलभीचा दिविर आणि रायगडचा डबीर यांच्यामध्ये अकराशे वर्षे गेली; नाव तेच, काम तेच.

काश्मीरकडे मात्र या शब्दाची अब्रू गेली. अकराव्या शतकातला क्षेमेंद्र हा संस्कृतातला मोठा विनोदी लेखक. त्याने ‘कलाविलास’ आणि ‘नर्ममाला’ या काव्यांत दिविरांना अक्षरशः सोलून काढले आहे. (तो त्यांनाच कायस्थही म्हणतो, त्या वेळच्या काश्मीरात तो हुद्दा होता, हे ध्यानात ठेवावे.) खोटे आकडे, खोडलेल्या नोंदी, लुबाडलेली देवळे यांचा पाढा तो वाचतो. त्याची एक कल्पना मला विसरता येत नाही : बोरूच्या टोकावरून गळणारा शाईचा थेंब हा, लुटल्या गेलेल्या राज्यलक्ष्मीचा काजळमिश्रित अश्रू आहे, असे तो म्हणतो. निव्वळ शिव्या देणाऱ्याला ही कल्पना सुचत नाही. लेखणीत केवढे सामर्थ्य आहे हे ओळखणाऱ्यालाच तिची एवढी चीड येते. राज्याचा विश्वास आणि राज्याची लूट, दोन्ही एकाच शाईने लिहिली जातात. वलभीने पहिले पाहिले, क्षेमेंद्राने दुसरे.

आता या शब्दाचे मूळ. जुन्या इराणी भाषेत लेखाला ‘दिपि’ म्हणत. दबीर त्याच्याच वंशातला. आणि आपला ‘लिपि’ हा शब्द? शाळेत आम्ही मास्तर लोक तो ‘लिप्’, म्हणजे माखणे, या धातूवरून साधून दाखवितो; फळ्यावर तो सुरेख साधतोही. परंतु बहुतेक अभ्यासक त्याला त्या ‘दिपि’चेच रूप मानतात, आणि त्याचा माग थेट सुमेरी लोकांच्या मातीच्या पाटीपर्यंत नेतात. पाणिनीला लिपिकर आणि लिबिकर अशी दोन्ही रूपे ठाऊक होती. अशोकाच्या चौदाव्या शिलालेखात गिरनारला ‘लिपिकर’ आहे, तर पेशावरकडच्या शाहबाजगढीला तोच ‘दिपिकर’ होतो. म्हणजे डबीराला दाराबाहेर काढले, तरी लिपी घरातच राहिली!

त्या चौदाव्या लेखात अशोक म्हणतो, की लिहिण्यात कोठे उणे राहिले असेल तर त्याला लिपिकराचा अपराधही कारण असेल. सम्राटाच्या शब्दांतही दोष लिहिणाऱ्याकडे जातो. जगाची रीतच ती. पण त्याचा एक लिपिकर गप्प बसला नाही. कर्नाटकात ब्रह्मगिरीला अशोकाचा लेख आहे. तो सारा ब्राह्मीत, डावीकडून उजवीकडे. शेवटी ‘हे चपडाने लिहिले’ एवढे आहे, आणि त्यापुढे आपला हुद्दा सांगणारा लिपिकर हा शब्द त्याने खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे कोरला आहे. त्या मुलखात ती लिपी वाचणारा त्याच्याशिवाय कोण असणार!