लुगड्याच्या निऱ्या

महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) यांचे नाव निघाले की रसिकांना त्यांची ऐतिहासिक प्रसंगचित्रे प्रथम आठवतात. आम्हांस आठवते ते त्यांनी रेखाटलेले नऊवारी लुगडे. ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याच्या 'विमेन ऑफ इंडिया' (1920) या ग्रंथासाठी त्यांनी काढलेल्या स्त्रीचित्रांनी आमचे लक्ष या वस्त्राकडे वेधले. कापडाचा रंग साधणे सोपे; त्याचे वजन साधणे कठीण. धुरंधरांच्या निऱ्या कमरेपाशी दाटतात, गुडघ्यावर ताणतात आणि मागे कासोटा कसा खोवला असेल याचा अंदाज पुढूनही येतो. त्या वस्त्रात चालणारा, वाकणारा देह आहे.

रोवणीच्या दिवसांत सिहोऱ्यातील एका आजींना आम्ही अशाच एका चित्राची छापील प्रत दाखविली. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. बोट ठेवले ते कमरेवर. "इचा कासोटा पक्का हाय, फादर. हे बांधीत उतरू शकते." मग भिंतीवरील कॅलेंडरातील पवित्र मरियेकडे पाहून हळूच म्हणाल्या, "मायचा झगा त चिखलात अटकन." सेमिनरीत सौंदर्यशास्त्राचे पाठ आम्हीही गिरविले, पण इतकी नेमकी कसोटी तेथे कोणी सांगितली नव्हती.

त्या निळ्या झग्याच्या चुण्या सुरेख आहेत, परंतु त्यांच्या आत पाणी भरणारी, दळण दळणारी नाझरेथची गृहिणी नाही. गोव्याचे आंजेलो दा फोन्सेका (1902–1967) यांनी मरियेला साडी नेसविली, तेव्हा आपल्यापैकीच अनेकांना ते रुचले नाही. त्यांचे धाडस आम्ही मानतो. तथापि त्यांची रेषा प्रार्थनेची आहे. साडीचा पोत आणि भार दाखविणे हा तिचा हेतूच नव्हे. फोन्सेकांची श्रद्धा आणि धुरंधरांची वस्त्राची जाण एकाच चित्रात आलेली आमच्या पाहण्यात नाही. आपल्या मंदिरांसाठी चित्रे निवडताना आपण तशी अपेक्षा तरी कोठे करतो?

धुरंधरांतही एक उणीव आहे, आणि तीही आजींनीच दाखविली. "लुगडं लई नवं हाय. दंड कोठी हाय?" जीर्ण भाग कापून दोन तुकडे जोडताना जी शिवण घालतात, तो दंड. कष्टकरी स्त्रीचे वस्त्र असे कोरे करकरीत क्वचितच असते. धुरंधरांच्या डोळ्यांनी निरी टिपली, पण गरिबी सहसा धुऊन काढली.

येशूचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता, असे संत योहान लिहितात (19:23). आजींच्या लुगड्याला त्या दिवशी दोन दंड होते.