प. कृ. गोडे यांचे गंधविषयक लेखन : एक पुनर्विचार

नाहीशा झालेल्या सुगंधाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे अभ्यासकापुढे एक विलक्षण अडचण उभी राहते. जुने नाणे हातात घेता येते, जुने चित्र पाहता येते, जुनी बंदिश निदान कोणाच्या तरी गळ्यातून ऐकावयास मिळते. बंद पडलेले अत्तर मात्र हुंगता येत नाही. त्याविषयी कोणी काय लिहून ठेवले, एवढ्यावरच सारी भिस्त. आणि ते लिहिणारा कोण होता, यावर तर फारच अवलंबून असते.

मुंबईच्या अँग्लो-इंडियन ड्रग अँड केमिकल कंपनीचे ‘ओटो दिलबहार’ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना नव्याने सांगावयास नको. त्याच्या जाहिराती जुन्या अंकांतून आजही दिसतात. पण कुपीत काय होते, हे जाहिरात सांगत नाही. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांची कथा याहून रंजक आहे. ‘कुंतलीन’ तेल आणि ‘देलखोश’ अत्तर यांचे हे उत्पादक. त्यांनी १८९६ साली कथास्पर्धा सुरू केली. अट अशी, की कथेत त्यांच्या मालाचे नाव यावे, पण कथा जाहिरात वाटू नये. पहिले पारितोषिक मिळाले जगदीशचंद्र बोस यांच्या कथेला. त्या कथेत कुंतलीनची बाटली समुद्रात ओतताच वादळ शांत होते! शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची ‘मंदिर’ ही कथाही याच स्पर्धेतून १९०३ साली पुढे आली. बंगाली साहित्याचे भाग्य थोर खरे. परंतु देलखोशचा वास कसा होता, हे त्या कथांतून कळत नाही. विसाव्या शतकातील गंधनिर्मात्यांनी आपल्यासाठी नाव ठेवले आणि कृती तिजोरीत ठेवली. धंद्याच्या दृष्टीने ते रास्तच होते.

नेमकी उलट स्थिती एका जुन्या हस्तलिखिताची आहे, आणि त्याच्याशी मराठीचा थेट संबंध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी १९४५ च्या सुमारास संस्थेच्या संग्रहातील दोन ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. एक गंगाधराचा ‘गंधसार’. दुसरा कर्ता अज्ञात असलेला ‘गंधवाद’, आणि त्यावर मराठी टीका. टीकेचा काळ गोड्यांनी सुमारे १३५० ते १५५० असा ठरविला. हे लेख पुढे त्यांच्या ‘स्टडीज इन इंडियन कल्चरल हिस्टरी’ या संग्रहाच्या पहिल्या खंडात (होशियारपूर, १९६१) आले.

या शोधाचे मोल कळावयास आधीची परंपरा थोडी पाहिली पाहिजे. उज्जयिनीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० प्रकार होतात, असा हिशेब तो देतो आणि प्रमाणांसाठी सोळा घरांचा चौकोन मांडतो. त्याला आनंद गणिताचा आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ घ्यावा, तर तेथे उपभोगणारा बोलतो. राजाने अंगाला काय लावावे, हे तो सांगतो. गंगाधर या दोघांहून वेगळा आहे. तो आरंभी भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन या सहा क्रियांची परिभाषा सांगतो, नंतर कृती देतो, आणि शेवटी द्रव्यांचा निघंटू व त्यांची परीक्षा. कस्तुरी खरी की भेसळीची, ही चिंता राजाची नव्हे, बनविणाऱ्याची आहे. ‘गंधवादा’वर कोणीतरी मराठीत टीका लिहिली, याचा अर्थ मी असा लावतो की, संस्कृत श्लोक पुरतेपणी न उमगणारा, पण खलबत्ता आणि धूपपात्र समोर असलेला कोणी मराठी माणूस त्या टीकाकाराच्या डोळ्यांसमोर होता. हे श्लोक पुष्कळदा कूटासारखे रचलेले असतात, हे जेम्स मॅकह्यू यांनी २०१२ सालच्या आपल्या ग्रंथात चांगले दाखविले आहे. तेव्हा टीकेची गरज व्यवहाराचीच असणार.

आता गोड्यांच्या लेखनाविषयी. त्यांची विद्वत्ता निर्विवाद आहे. जिलेबी, शोभेची दारू, तंबाखू अशा, पंडितांनी नाक मुरडावे त्या विषयांना त्यांनी इतिहासाच्या पंक्तीला बसविले. अंबराच्या, म्हणजे देवमाशापासून मिळणाऱ्या गंधद्रव्याच्या, भारतातील इतिहासावर त्यांनी १९४९ साली लिहिलेला लेख इ.स. ७०० ते १९०० असा बाराशे वर्षांचा पल्ला घेतो. परंतु त्यांचे लेख सलग वाचले असता एक गोष्ट खटकते. त्यांचा पहिला प्रश्न नेहमी ‘केव्हा?’ हा असतो; ‘कसे?’ हा प्रश्न आलाच तर ओझरता. उल्लेखामागून उल्लेख, सनामागून सन. सरकारी नोकरीत हयात घालविल्यामुळे, कागद हाती आला की प्रथम दिनांक पाहण्याची सवय मला परिचयाची आहे, आणि तिचा उपयोगही ठाऊक आहे. पण दिनांक लागला म्हणजे प्रकरण निकाली निघत नाही.

मराठी टीकेच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. गोड्यांनी तिच्याकडे पाहिले ते कालनिर्णयाचा पुरावा म्हणून. वस्तुतः ते मराठी गद्य आहे, आणि तेही कथेचे वा तत्त्वज्ञानाचे नव्हे, तर हातांनी करावयाच्या कामाचे. महानुभावांच्या गद्याचे आपण इतके कौतुक करतो ते योग्यच आहे. पण वाटणे, भिजविणे, धुरी देणे ही कामे त्या शतकांत मराठीत कशी सांगत, हे ज्या थोड्या ठिकाणी कळू शकते, त्यांत ही टीका मोडते. गोड्यांनी हे सारे इंग्रजीत लिहिले. त्या काळच्या संशोधनाची ती रीत होती, यासाठी त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र १९८९ साली रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी दोन्ही ग्रंथ मराठी टीकेसह बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत (क्रमांक १७३) छापून दिल्यानंतर हे निमित्तही उरलेले नाही. आपले मराठी आपल्यासाठी बडोद्याने छापले, आणि आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपणा माळव्याकडील वाचकांना आणखी एक वाट मोकळी आहे, जी गोड्यांना नव्हती. मांडूच्या गियासशाह आणि नासिरशाह या सुलतानांच्या काळी, म्हणजे १५०० च्या आसपास, ‘निअमतनामा’ हे सचित्र हस्तलिखित तयार झाले. त्यात खाद्यपदार्थांबरोबर सुगंधांच्या कृतीही आहेत. ते लंडनला गेले. तेथील या चित्रांवर रॉबर्ट स्केल्टन यांनी १९५९ साली लिहिले आणि नोरा टिटली यांचे इंग्रजी भाषांतर २००५ साली निघाले. म्हणजे गोडे टीकेला जो काळ देतात, त्याच काळातील, नर्मदेच्या या तीरावरील फारसी कृती आज मराठी टीकेशेजारी ठेवता येतात. एकच द्रव्य दोन दरबारी परंपरांत कसे वापरले गेले, हे ताडून पाहण्याचे काम अद्याप कोणी मनावर घेतलेले माझ्या पाहण्यात नाही.

कृती हाती आहे म्हणजे गंध परत आला, असे मात्र समजू नये. फ्रान्समध्ये व्हर्साय येथे १९९० साली स्थापन झालेल्या ‘ओस्मोतेक’मध्ये १८८२ चे ‘फुजेर रॉयाल’ आणि १९१७ चे कोतीचे ‘शिप्र’ मूळ सूत्रांवरून पुन्हा सिद्ध केलेले आहेत. तेथे द्रव्ये कोणती, याविषयी फारशी शंका नसते. आपल्याकडे तीच मुख्य अडचण आहे. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. ‘स्पृक्का’ म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी एकमत नाही. निघंटूतील नाव आणि बाजारातील वस्तू यांच्यामधील पूल जागोजागी तुटलेला आहे.

तो पूल बांधण्याचे काम पुण्यापेक्षा येथे सोपे जावे. भोपाळच्या मराठी घरातील गृहिणी पंसाऱ्याकडे ‘छरीला’ मागते आणि घरी येऊन त्याला ‘दगडफूल’ म्हणते. संस्कृतात ते ‘शैलेय’. ‘बालछड’ म्हणजे जटामांसी आणि ‘खस’ म्हणजे वाळा, हे तिला शिकवावे लागत नाही. संस्कृत, टीकेतील मराठी, आजची मराठी आणि येथील बाजारी हिंदी अशा चार रकान्यांची एक यादी व्यासांच्या आवृत्तीवरून तयार व्हावयास हवी. जेथे रकाना रिकामा राहील, तेथे तो रिकामाच ठेवावा. ‘स्पृक्का’पुढे तूर्त तसेच करावे लागेल.